दहिवर सुकल्यावर

जनकाबाईसारखी हट्टी बाई आमच्या सुलतानपुरात दुसरी नाही, अन् हे मी, गुलनार, तिच्या तोंडावर सांगते. बीटीचं बियाणं आल्यापासून आम्ही दोघी एकाच टोळीत कापूस वेचतो. टोळी तिची. मजुरी किलोवर, म्हणून ती भर पौषातही आम्हाले उजाडायच्या आधी वावरात उभी करे. दहिवरानं भिजलेला कापूस वजनाले भारी भरते ना. बोटं बधिर होत, पण तिच्यापुढं चकार शब्द काढायची कोणाची टाप नव्हती.

त्या साली थंडी लय पडली. वेचता वेचता जनकाबाई छाती धरून खाली बसे. आम्ही तुराट्या पेटवून तिले शेकवायचो, मंग दुखणं थांबे. "थंडी भरली वं," ती म्हणे. आम्हीही तेच धरून बसलो. शेकलं की थांबते, म्हणजे थंडीच असन. एक दिवस मातर शेकूनही थांबेना, अन् तिले दरदरून घाम सुटला. एवढ्या गारठ्यात घाम पाहून माया जिवाचं पाणी झालं. वावराचे मालक महादेवराव, त्यांच्या जीपमधी घालून तिले मेहकरले नेली.

डाक्टरनं छातीले तारा लावून ईसीजीची पट्टी काढली. म्हणे, "ही थंडी भरलेली नाही, हृदयाचं दुखणं आहे. गारठ्यानं रक्तवाहिन्या आखडतात, हृदयाला जास्त जोर लावावा लागतो. शेकत बसलं की त्याला आराम मिळतो, म्हणून दुखणं दबतं. दबतं, जात नाही."

जीव वाचला, अल्लाची मेहेरबानी. पुढं हलकं काम करायची परवानगी भेटली, पण ऊन चढल्यावर, अन् डोक्सं, छाती झाकून. हे तिले कोण समजावणार? बरी झाली तशी अंधारातच माया दारात उभी. "टोळी मायाबिगर जाईन, तर मी जगून काय करू?" मले रागही आला अन् रडूही.

मंग मी टोळीतल्या बायांशी बोलली, आपण ऊन चढल्यावरच निघू. सत्यभामाबाई आधी कुरकुरली, मंग तीच म्हणे, "वजन जाईन, पण जनकाबाई तर राहीन." मी जनकाबाईले सांगितलं, मालकानं ओला कापूस घेणं बंद केलं, दहिवर सुकल्यावरच या म्हणते.

ऊन चढल्यावर आम्ही निघू लागलो. एक दिवस कमरेले बांधलेली माई कापसाची ओटी मले वेचल्यापेक्षा जड लागली. मागं पाहते, तर जनकाबाई आपल्या ओटीतला कापूस मूठ मूठ माया ओटीत टाकून राह्यली.

"हे काय वं?"

"तुमचं बुडालेलं वजन भरून देते. मालक भेटला होता मले. त्यानं काही बंद नाही केलं."

"मंग अंधारात गेली काऊन नाही?"

"तुमी सगळ्या मायासाठी खोटं बोलल्या. ते वाया कसं जाऊ देऊ?"

तिचा रुमाल कानावरून घसरला होता. मी तो ओढून हनुवटीखाली घट्ट बांधला. त्या हट्टी बाईनं मुकाट्यानं बांधू दिला.