उभं राहायची सवय

महामार्गावर एक ट्रक इशारा न देता वळला आणि सहकाऱ्याच्या मोटारीत पुढे बसलो होतो त्या माझा उजवा खुबा मोडला. सहकाऱ्याला थोडं खरचटलं. अपघाताची हकिगत एवढीच. पुढची चार वर्षं भंडाऱ्याच्या कोर्टात गेली.

नागपूरच्या डॉक्टरांनी प्लेट टाकून हाड जुळवलं होतं. पण सांधा झिजतोय, तो बदलावा लागेल आणि फार उशीर केला तर बदलूनही उपयोग होणार नाही, असं त्यांनी बजावलं होतं. पहिल्या शस्त्रक्रियेत घरात विकण्याजोगं होतं ते विकून झालं होतं, वर उसनवारीही झाली होती. दुसरी शस्त्रक्रिया भरपाई मिळाली तरच होणार होती.

मी वरठीच्या शाळेत मराठी शिकवतो. जन्मभर मुलांना टक्के वाटले, त्यामुळे अपंगत्वाचे टक्के ठरवणाऱ्या डॉक्टरांपुढे बसताना गंमत वाटली. या परीक्षेत जो जास्त नापास, त्याला जास्त टक्के. मला बरे पडले. पेढे तेवढे वाटले नाहीत.

साक्षीच्या आठवडाभर आधी आमचे वकील म्हणाले, "सर, त्या दिवशी काठी नको. वॉकर घेऊन या."

"मी वॉकर वापरत नाही."

"कोर्टाला काय माहीत?"

"मला माहीत आहे ना."

"मग तत्त्वज्ञानाचा वेगळा दावा लावू," ते म्हणाले आणि पुढच्या पक्षकाराकडे वळले.

साक्षीच्या सकाळी मी दाढी केली, इस्त्रीचा शर्ट काढला. बायको दारातून बघत होती.

"लग्नाले चालले का जी?"

"साक्षीला."

"मंग जुना शर्ट घाला. जरा बिमार दिसा. एवढे टिपटॉप कायले होऊन राहिले?"

मी ऐकलं नाही. शाल-श्रीफळ, उद्घाटनाच्या फिती, पुढाऱ्याच्या वाटेवर तासभर ताटकळलेली मुलं, या सगळ्याची मी आयुष्यभर टिंगल केली आहे. बिचारेपणाचा समारंभही मला तसाच वाटत होता.

कोर्टात काठी बाकाला टेकवून बसलो. न्यायाधीश आले तसे सगळे उठले. मीही उठलो. ठरवून नाही. साहेब वर्गात आले की मुलांना उभं करण्यात माझी हयात गेली. मनातून हसत केलं तरी अंगात भिनतंच. समोरच्या बाकाची कड धरली, मांडीतून कळ गेली, पण न्यायाधीश बसेपर्यंत मी उभा होतो.

ट्रकच्या विमा कंपनीचे वकील सभ्य गृहस्थ. व्हरांड्यात त्यांनी पायाची चौकशीही केली होती. उलटतपासणीत तितक्याच मऊ आवाजात विचारलं, "मघाशी न्यायाधीश आले तेव्हा आपण उभे राहिलात?"

"हो."

"कुणी हात दिला?"

"नाही."

"काठी घेतली होती?"

"ती बाजूला होती. पण मी बाकाची..."

"विचारलं तेवढंच सांगा सर. काठी घेतली नव्हती."

"नव्हती."

आमच्या वकिलांनी नंतर बाकाची कड नोंदवून घेतली. एखाद्या ग्रंथाच्या तळटीपेला असतं तेवढंच वजन तिला आलं.

निकालात माझे टक्के अर्ध्यावर आले. अर्जदार काठीशिवाय उभा राहू शकतो, हे त्याने स्वतःच मान्य केलं आहे, असं कारण होतं. उसनवारी फिटेल एवढं मिळालं. सांध्यासाठी काही उरणार नव्हतं. न्यायाधीश उठले तेव्हा सगळे उभे राहिले आणि मी बसून राहिलो. कुणाच्या लक्षातही आलं नाही.

"नागपूरला अपील करता येईल," वकील बाहेर म्हणाले.

"किती दिवस लागतील?"

"तुमचं रिटायरमेंट कधी आहे सर?"

यावर हसायला हवं होतं. मला जमलं नाही.

बायको व्हरांड्यात एक्स-रेची पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. कोर्टाला आता त्या एक्स-रेंची गरज नव्हती. निकाल लागला की इथूनच नागपूरला जायचं, डॉक्टरांकडून तारीख घ्यायची, असं तिनं ठरवलं होतं. सोबत भाकरीही बांधून घेतली होती.

"झालं का? चला मंग. नागपूरची गाडी लागली असन."

"वरठीची पाहू," मी तिच्या शेजारी बसत म्हणालो.

तिनं माझ्याकडे पाहिलं. मग पिशवीचं तोंड दुमडून ती काखेत धरली, उठली आणि मला उठवायला हात पुढे केला.