पंचवीस किलोमीटर

माझा नवरा रोज संध्याकाळी मोटारसायकलपाशी येऊन मीटर वाचायचा. मी अंगणात गाडी लावली की तो ओसरीवरून उठे, चष्मा पुसे आणि काचेला नाक टेकेल इतकं वाकून आकडा पाही. सकाळचा आकडा त्याला तोंडपाठ असे. बाजार समितीत तो कापसाच्या गाड्यांची वजनं घ्यायचा. आकडे त्याला लिहून ठेवावे लागत नसत.

मी आरोग्य सेविका होते. आमचं घर तेल्हाऱ्यात, माझं उपकेंद्र तिथून चौदा किलोमीटरवर. बस दिवसातून एक, तीही आली तर. मोटारसायकल माझ्या वडिलांनी लग्नात नवऱ्याला दिलेली, पण ती चालवायला माझ्या माहेरी, चांदूर रेल्वेच्या शाळेच्या मैदानात त्यांनीच मला शिकवलं होतं. नवरा नोकरीवर पायी जायचा, म्हणून गाडी माझ्या हाती आली. लग्नानंतर पहिल्याच महिन्यात एका रविवारी त्यानं मला मागं बसवून माझी सगळी गावं फिरवली आणि प्रत्येक गावाचं अंतर मीटरवर मोजून घेतलं. मला वाटलं, काळजीनं करतोय. मी त्याच्या पाठीला धरून हसत बसले होते.

एकदा नाल्याला पूर आला म्हणून मी फेरा घेऊन आले आणि आकडा दोन किलोमीटर जास्त भरला. त्या दोन किलोमीटरसाठी त्यानं मला दोन रात्री घरात घेतलं नाही. शेजारच्या बायका सकाळी मला ओसरीवर बसलेली पाहत आणि न पाहिल्यासारखं करून पाण्याला जात. तिसऱ्या दिवशी तो स्वतः नाल्यावर जाऊन विचारून आला. म्हणाला, "पूर होता खरं." एवढंच.

ती वर्षं वाईट होती. पांढरं सोनं म्हणायचे त्या कापसाच्या झाडांना बोंडं धरत नव्हती. फवारणीच्या विषाला आमच्याकडे औषधच म्हणतात. ते प्यायलेलं माणूस कुणीतरी बैलगाडीत घालून उपकेंद्रावर आणायचं. मी नळी घालायची, मीठपाणी द्यायची, अकोल्याला पाठवायची. काही परत यायचे, घसा जळालेले, कुजबुजत बोलणारे. बाजार समितीत गाड्या कमी येत. माणसं वजनकाट्याभोवती नुसती बसून असत, तंबाखू मळत, कुणावर तरी चिडायचं निमित्त शोधत. नवरा संध्याकाळी तिथूनच यायचा.

दिवाळीच्या आधीचे दिवस असतील. सकाळी उपकेंद्राच्या फाटकात गाडी वळवताना सवयीनं मीटरकडे पाहिलं. गाडी चालू असून काटा शून्यावर पडलेला होता. वाटेत कधी पडला, कळलंही नव्हतं. आकडा घरून निघताना होता त्याच्यापुढे फक्त तीन सरकलेला. चौदा यायला हवे होते.

मीटरची तार तुटणं ही काही मोठी गोष्ट नाही, हे मला कळत होतं. पण संध्याकाळी परत गेले की मीटर सांगणार होता, ही बाई दिवसभरात तीन किलोमीटर गेली. म्हणजे जाताना दीड, येताना दीड. मग तो विचारणार, घरापासून दीड किलोमीटरवर कोण राहतं? तार तुटली म्हणून सांगितलं असतं तर म्हणाला असता, कुणी तोडली? त्या दिवशी उपकेंद्रावरच लसीकरण होतं. मी एकतीस मुलांना सुया टोचल्या आणि एकाही मुलाचा चेहरा मला आठवत नाही.

पाचला सुटले ती थेट तेल्हाऱ्याच्या वेशीवरच्या मिस्त्रीकडे. साठीचे, दाढी मेंदीनं रंगवलेली, सगळे त्यांना चाचा म्हणत. मी त्यांच्या सुनेचं बाळंतपण केलं होतं, म्हणून ओळख. त्यांनी चाकाजवळची नळी सोडवली, आतली तार ओढली. अर्धीच बाहेर आली.

"चौकोनी टोक गेलं बाई, तिकडंच तुटून राहिलं. नवी अकोल्याहून आनावी लागते. उद्या या."

"आजच पाहिजे, चाचा."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग कोपऱ्यातली एक जुनी गाडी ओढली, तिची मीटरची तार नळीसकट काढली, रॉकेलमध्ये धुतली, बोटानं ग्रीस लावत लावत नळीत सरकवली. माझी नळी काळी होती, ही राखाडी. वरचं टोक मीटरला बसवलं आणि मला म्हणाले, "चाक फिरवा जरा." मी फिरवलं. काटा हलला.

मग मी विचारलं, "मागचे किलोमीटर भरून देता येतील का? जाऊन-येऊन अठ्ठावीस, पडलेत तीन. पंचवीस."

ते हसले. "लोक गाडी इकाची असली का कमी करून मांगतात. तुमी वाढवून मांगता?"

मला हसता आलं नाही. त्यांचंही हसू गेलं. त्यांना काय कळलं ते मला माहीत नाही, पण त्यांनी पुढं विचारलं नाही. "ड्रिलनं होते. पन लाईन सहाले येते. बसा."

मी बाकावर बसले. त्यांनी समोरच्या टपरीवरून चहा सांगितला. सहाला लाईट आले. त्यांनी तारेचं खालचं टोक चाकातून सोडवून ड्रिलच्या जबड्यात अडकवलं आणि ड्रिल सुरू केलं. गाडी स्टँडवर उभी, काटा साठावर थरथरतोय आणि आकडे सरकतायत. पंचवीस मिनिटं ते म्हातारे गृहस्थ मांडी घालून ते गरम होणारं ड्रिल धरून बसले. मधे दोनदा हात बदलला. मी चहा पीत माझे किलोमीटर भरताना पाहत होते. इतकं हलकं मला कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं.

घरी पोचले तेव्हा सात वाजत आले होते. नवरा मीटरवर वाकला. आकडा वाचला. बरोबर निघाला. मग त्यानं मीटरखाली बोट फिरवलं, ते नाकाशी नेलं.

"ग्रीस ताजं हाये. अन् नळी काळी होती आपली."

"तार तुटली होती. बदलून घेतली."

"तुटली होती त आकडा कसा बरोबर आला?"

तो सरळ झाला, चष्मा काढून खिशात ठेवला. मारायच्या आधी तो नेहमी चष्मा काढायचा.

"मले बजारातच समजलं. मिस्त्रीच्या दुकानात चहा पेऊन राहिली होती. दीड घंटा. काहून?"

मी खरं सांगितलं असतं तर म्हणावं लागलं असतं की तुझ्या भीतीनं मी आकडा भरून घेतला. ते मला म्हणता आलं नाही. मी म्हणाले, "त्यानंच बसवून ठेवलं."

त्याचा हात थांबला. आवाज एकदम मऊ झाला. लग्नाच्या पहिल्या महिन्यानंतर तो आवाज मी ऐकला नव्हता.

"हात लावला का त्यानं तुले?"

सुटायचं दार त्यानंच माझ्यासाठी उघडून दिलं होतं. मी मान हलवली. हो अशी.

त्या रात्री त्यानं मला मारलं नाही. स्वतः पाणी आणून दिलं. मी ते प्यायले आणि झोपले. झोप लागली, हेही सांगितलं पाहिजे.

सकाळी बाजार समितीतली पाच-सहा माणसं आमच्या दारात होती. "चाल, दाखव," नवरा म्हणाला. मला वाटलं होतं, तो ओरडेल, दोन शिव्या देईल, झालं. दुकानापाशी गेल्यावर त्यांच्यातल्या एकानं चाचांच्या धर्माचं नाव घेऊन शिवी दिली आणि मला कळलं की हे आता माझ्या हातात राहिलेलं नाही. नवऱ्यानं चाचांची गचांडी धरली. चाचांनी प्रतिकार केला नाही. ते माझ्याकडे पाहत होते.

"बाई, तुमी सांगा. तुमी सांगा न यायले."

सगळे माझ्याकडे वळले. मी पदर तोंडावर धरला. रडणाऱ्या बाईला कुणी दुसऱ्यांदा विचारत नाही. मी रडत होते, आणि ते रडणं खरं होतं. पण मला माहीत होतं की त्याचा अर्थ ते काय घेतील.

त्यांनी चाचांना त्यांच्याच पान्यानं मारलं. दोघांनी त्यांचा उजवा हात ठोकायच्या ऐरणीवर धरला आणि नवऱ्यानं, चष्मा काढून, त्यावर हातोडा घातला. एकदा नाही. मी नर्स होते. हाडाचा आवाज मला ओळखू येतो. समोरचा टपरीवाला स्टोव्हला पंप मारत राहिला.

चाचांनी पोलिसांत तक्रार केली नाही. कुणाविरुद्ध करणार, आणि कोण बोलणार होतं? दुकान बंद झालं. नवऱ्यानं अकोल्याहून नवी तार आणवली, आणि संध्याकाळी आकडा वाचणं सुरूच राहिलं. बाजारातले लोक मला वाटेत नमस्कार करू लागले. आमच्या घराला मान आला होता.

पुढल्या महिन्यात चाचांची सून बाळ घेऊन लसीकरणाला आली. रांगेत तिचा नंबर आला तसं तिनं मला पाहिलं, बाळाला छातीशी घेतलं आणि उलट्या पावली निघून गेली. गोवराची सुई राहिली. मी तिच्या मागे गेले नाही.

आणखी सहा वर्षं मी त्या घरात होते. मग अमरावतीकडे, नांदगाव पेठेजवळच्या केंद्रावर बदली मागून घेतली आणि परत गेले नाही. नवरा दोनदा न्यायला आला, तिसऱ्यांदा आला नाही.

निवृत्तीनंतर एकदा तेल्हाऱ्याला गेले. चाचा मशिदीच्या गल्लीत ओट्यावर बसून लसूण विकत होते. उजवा हात मांडीवर ठेवलेला, बोटं आत वळलेली. डाव्या हातानं तोलत होते. मी समोर बसले. त्यांनी ओळखलं.

"चाचा, मी त्या दिवशी खोटं बोलले."

"मले माहीत हाये," ते म्हणाले. "मी तेथीच होतो न."

मला वाटलं होतं ते शिवी देतील, किंवा माफ केलं म्हणतील. त्यांनी एक लसणाची गड्डी उचलून तिची साल झटकली.

"मले सांगून काय फायदा? बजारात जा. तेथी सांगा."

बाजार समिती तिथून पायी पाच मिनिटांवर होती. दुपारची वेळ होती, फाटक उघडं असणार, त्या दिवशीच्या माणसांतले एक-दोघं अजून तिथं बसत असतील. मी उठले, गल्लीच्या तोंडापर्यंत आले आणि तिथून बस स्टँडकडे वळले. अमरावतीची गाडी लागलेलीच होती.