सुरमईच्या नावाखाली

माझ्या थोरल्या भावाची जालन्यात अंबड रस्त्याला खानावळ आहे. आम्ही मूळचे याच जिल्ह्यातल्या टेंभुर्णीचे. मी प्राणिशास्त्र शिकून जालन्यातल्याच एका महाविद्यालयात शिकवायला लागले आणि दादा स्वयंपाकात रमला. त्याच्या हाताला चव आहे, हे मी बहीण म्हणून सांगत नाही; रविवारी त्याच्याकडची सुरमई फ्राय खायला परतूरहून लोक यायचे.

अशाच एका रविवारी मी गल्ल्याजवळ बसले होते. एक गिऱ्हाईक ताट अर्धं सोडून उठलं. रत्नागिरीकडचे गृहस्थ, बँकेत नुकतेच बदलून आलेले. त्यांनी आवाज चढवला नाही. दादाला एवढंच म्हणाले, "मसाला छान आहे. पण ही सुरमई नाही."

ते गेल्यावर दादा बराच वेळ एकच टेबल पुसत राहिला. मग म्हणाला, "समुद्राकाठचे लोकं. आपल्याकडं काही चांगलं मिळतं, हेच त्यांना पटत न्हाई."

मी आत जाऊन फ्रीजर उघडला. कातडी काढलेले, काटा नसलेले पांढरे तुकडे. डोकं नाही, शेपूट नाही, एक खवलासुद्धा नाही. असा मासा नजरेनं ओळखणं अवघड. पण त्याच्या पेशींमध्ये डीएनए असतो आणि त्यावरून जात कळते. तो वाचणं माझ्या रोजच्या कामातलं होतं.

"यातला एक तुकडा मी नेते," मी म्हणाले.

"तू माझी तपासणी करून राह्यली का?"

"तुझी नाही रे. माशाची."

वहिनी भाकरी थापत होती. ती म्हणाली, "नेऊ द्या की. सुरमई निघाली तर त्या सायबांला मानानं बोलावून जेवू घालू."

प्रयोगशाळेत मी त्या तुकड्यातला कणभर भाग घेतला आणि त्यातून डीएनए वेगळा केला. माशांची जात ओळखायला त्यातला एक ठरावीक भाग पुरतो. यंत्रात त्याच्या असंख्य प्रती करून त्या वाचून घ्यायला पुण्याच्या प्रयोगशाळेत पाठवल्या. तिथून डीएनएचा अक्षरक्रम आला की जगभरच्या माशांच्या नोंदींशी ताडून बघायचा. मुंबईच्या मैत्रिणीकडून डोक्या-शेपटीसकट अख्खी सुरमई मागवून तिचाही नमुना सोबत दिला. पद्धत चुकली असती, तर या सुरमईनंच मला पकडलं असतं. हातावर माझा भरवसा होता. तरी, खरं सांगायचं तर, दादाचा मासा खरा निघावा असंच वाटत होतं.

निघाला पंगस. शेततळ्यात वाढवतात तो, गोड्या पाण्यातला. मुंबईची सुरमई मात्र बरोबर सुरमईच आली.

दादानं ऐकून घेतलं. "म्हंजे इतके दिवस मी लोकांला खोटं वाढलं."

"तुलाही खोटंच विकलं होतं," मी म्हणाले.

"पण ताटात तर मीच वाढलं न्हाई का?"

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं त्या मासळीच्या व्यापाऱ्याकडे गेलो. मी निकाल समजावून सांगितला. त्यानं नाकारलं नाही, उलट हसला. "ताई, सुरमई म्हटलं की माल जल्दी जातो. जालन्यात समुद्र कोणी पाह्यलाय? कोणाला समजतं इथं?"

दादा शांतपणे म्हणाला, "मला समजलं न्हाई, हे बराबर. पण माझी बहीण जालन्याचीच आहे. तिला समजलं." आणि त्यानं तिथंच त्या व्यापाऱ्याकडून माल घेणं बंद केलं.

पुढच्या रविवारी दादा टेबलाटेबलाशी जाऊन स्वतः सांगत होता, "आतापर्यंत सुरमई म्हणून खाल्ली ती पंगस होती. मला ठाऊक नव्हतं. आज रोहू आहे, धरणातली. अख्खी बघून घ्या." वहिनी दारातून धास्तावून बघत होती. काहीजण उठून गेले. एक म्हातारे शेतकरी म्हणाले, "मंग आण की रोहू. बसलोय तर जेवूनच जातो." त्या दुपारी रोहू कमी पडली.

ही गोष्ट गावभर व्हायला वेळ लागला नाही. दुसरे खानावळवाले माझ्याकडे पिशव्या घेऊन यायला लागले. एकाचं पापलेट तळ्यात वाढवलेलं, गोड्या पाण्यातलं रूपचंद निघालं. परतूरहून आलेले एकजण फार घाबरलेले होते. त्यांचं गिऱ्हाईक शंका घेऊ लागलं होतं. त्यांची सुरमई अस्सल निघाली. फोनवर सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "मॅडम, थांबा. मी स्पीकर लावतो. हे घरच्यांसमोर पुन्हा एकदा सांगा."

मी सावकाश, मोठ्यानं सांगितलं.