अर्ध्या इंचाचा तह

माझे दाजी, म्हणजे थोरल्या बहिणीचा नवरा, गवंडी होते. अख्खं गाव त्यांना ओळंबा म्हणायचं. कुणाच्याही घरी गेले की चहाचा कप हातात घ्यायच्या आधी डोळा बारीक करून भिंतीकडे बघायचे आणि सांगून टाकायचे, "वरून बोटभर बाहेर आलीय." कुणी विचारलेलं नसायचं. माझ्यासाठी मुलगी बघायला गेलो, तेव्हा त्यांनी तिच्या वडिलांना जिन्याची तिसरी पायरी चुकलीय असं सांगितलं. तिथं माझं जमलं नाही.

लढाईचं पाचवं वर्ष चालू होतं. दाजींचा एकुलता एक मुलगा, माझा भाचा, नदीपलीकडच्या खंदकात होता. पोस्टमन पुढच्या गल्लीत वळेपर्यंत ताई रोज दारात उभी राहायची. दोन्हीकडचा दारूगोळा संपत आला, आणि मग दोन्हीकडच्या शहाण्यांना शांतता आठवली. सरहद्द जवळ म्हणून बोलणी आमच्या नगरभवनात ठरली. मी तिथला कारकून, बैठकीचं टिपण लिहिणं माझं काम.

शहाणे आले, एकेका बाजूचे सहा. बूट असे चकचकीत की पाच वर्षांत एकालाही चिखल लागला नसावा. उंटावरून शेळ्या हाकण्यात यांची हयात गेलेली. कुठला डोंगर कुणाचा, कैदी कधी सोडायचे, सगळी कलमं त्यांनी चार दिवसांत मान्य केली. राहिली फक्त सही. सही व्हायची मोठ्या दालनात आणि दालनाला दार एकच. मग आधी कोण शिरणार? जो मागून शिरेल तो हरला, असं दोघांचंही पक्कं मत. तोवर तोफा तरी थांबवा, असं कुणीतरी म्हणालं. थांबवल्या तर आपण थकलो असं समोरच्याला वाटेल, म्हणून दोघांनीही नकार दिला. यावर मात्र त्यांचं चुटकीसरशी एकमत झालं.

शेवटी तोड निघाली. समोरच्या भिंतीत पहिल्याएवढंच दुसरं दार पाडायचं आणि दोन्ही बाजूंनी एकाच क्षणी आत यायचं. ही अक्कल पाजळायला त्यांना सोमवार उजाडला. गवंडी म्हणून मी दाजींचं नाव दिलं.

दुसऱ्या कुणीही चार दिवस मागितले असते. दाजी म्हणाले, "उद्या संध्याकाळी देतो. माझं पोरगं तिकडं आहे." आणि दिलं. भिंत फोडली, वर तुळई टाकली, चौकट बसवली, गिलावा केला. हाताची सालं निघाली होती. असलं काम मी पुन्हा पाहिलं नाही.

मंगळवारी संध्याकाळी बाराही शहाणे दार बघायला आले. ज्याच्या वाट्याला जुनं दार आलं होतं, त्या आमच्या बाजूच्या प्रमुखाने रीत म्हणून विचारलं, "दोन्ही अगदी सारखी ना हो?"

मी मनातल्या मनात हात जोडले. दाजी, नुसतं हो म्हणा.

"नवीन नकाशातल्या मापाला बरोबर आहे," दाजी म्हणाले. "जुनं अर्धा इंच कमी आहे. ज्याने बांधलं त्यानेच माप मारलंय."

प्रमुखाचा चेहरा उतरला. "म्हणजे आम्ही अरुंद दारातून यायचं?" मग माझ्याकडे वळून, "हे लिहिलंत?"

त्याने विचारायच्या आधीच मी लिहिलं होतं.

दाजी म्हणाले, "साहेब, नव्याला आतून पट्टी मारतो. दहा मिनिटांचं काम."

त्यावर समोरची बाजू उसळली. मिळालेलं दार आता कमी करायचं म्हणजे माघार, आणि माघारीचा त्यांना अधिकार नाही! दोन्ही राजधान्यांना तारा सुटल्या. बुधवार गेला, गुरुवार गेला. दाजी पट्टी रंधून भिंतीशी बसून होते. येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येक शहाण्याला म्हणायचे, "दहा मिनिटं, साहेब." त्यांच्याकडे कुणी बघतसुद्धा नव्हतं. शुक्रवारी दोन्ही राजधान्यांतून उत्तर आलं: दोन्ही दारांना जाड पडदे लावा, म्हणजे रुंदी दिसणार नाही. पडदे लागले. बारा नग दोन्हीकडून पडद्यात गुरफटत आत शिरले आणि पाव तासात सह्या झाल्या. बाहेर लोक नाचत होते. मला त्या बाराही जणांच्या तोंडावर थुंकावंसं वाटलं. मी शाईच्या बाटलीला बूच लावलं.

आठ दिवसांनी पत्र आलं. ताईने मला बोलावून घेतलं, कारण घरात सरकारी कागद वाचणारा मीच. मी वाचलं, भाचा पडल्याची तारीख तेवढी गाळली. दाजींनी कागद हातातून काढून घेतला आणि स्वतः पाहिला. गुरुवार.

"अहो दाजी, आता काही बोलू नका," मी त्यांच्या कानात म्हटलं.

पण त्यांनी ताईला सगळं सांगितलं. आपल्याला कुणी काय विचारलं, आपण काय म्हणालो, पट्टी, तारा, पडदे. शेवटी म्हणाले, "मी हो म्हटलं असतं तर बुधवारीच सही झाली असती. पोरगं वाचलं असतं, गं."

ताईचं रडणं थांबलं. "अर्धा इंच कमी होतं, हे खरं ना?"

"खरं."

"आणि बारा जणांतल्या एकालाही म्हणता आलं नाही, की असू दे?"

"नाही."

"मग तुम्ही नका मान खाली घालू," ती म्हणाली आणि त्यांच्या सोललेल्या हातावर हात ठेवून बसली. मग तिने माझ्याकडे पाहिलं.

"तू होतास ना रे तिथं?"

"होतो."

"काय करत होतास?"

"टिपण लिहीत होतो, ताई."

"हं," ती म्हणाली. "अक्षर छानच आहे तुझं."