नाना, खाली न्हाई बघायचं

इथले अनुभव मी बरेच दिवस वाचतेय, पण खरं सांगायचं तर हसायलाच. कॅलेंडरमागचं राशिभविष्यसुद्धा मी कधी वाचलेलं नाही. मांजर आडवं गेलं तर आमच्या घरात त्याला दूध घालतात. त्यामुळे हे लिहिताना मलाच अवघडल्यासारखं होतंय... पण मनातून जात नाही, म्हणून लिहिते.

मी अहिल्यानगरची. (तोंडात अजून नगरच येतं.) सिव्हिलचा डिप्लोमा झाल्यावर एका विमा सर्व्हेअरकडे कामाला लागले. वादळ, आग, पुराचं पाणी... कशानंही नुकसान झालं की जागेवर जायचं, फोटो काढायचे, मापं घ्यायची आणि ते नेमकं कशामुळे झालं ते कंपनीला कळवायचं.

माझी अडचण एकच — उंची. आमची ट्रिप चांदबिबी महालावर गेली तेव्हा सगळे वर, आणि मी खाली पायरीवर त्यांच्या पिशव्या सांभाळत. घरची पाण्याची टाकी वाहू लागली तर मी शेजारच्या काकांना हाक मारायचे, गच्चीवर जायचे नाही. नोकरी घेताना वाटलं होतं, नुकसान काय, जमिनीवरच होत असणार!

पहिल्या काही कामांत निभावलं. मग मे महिन्यात वळवाचं वादळ झालं आणि सरांनी मला एकटीला कोल्हारच्या अलीकडे एका पशुखाद्याच्या कारखान्यावर पाठवलं. शेडचे पत्रे उडाले होते. निघताना सर म्हणाले, "पत्रे वाऱ्यानं उपटले की आधीच गंजले होते, हे वरूनच कळतं. चढता येत नसेल तर आत्ताच सांग, मग हे काम तुझं नाही." मी "येतं" म्हणाले.

मालक साठीच्या आसपासचे, धोतर-टोपी, अगदी कमी बोलणारे. कामगार त्यांना शेठ म्हणत, म्हणून मीही शेठच म्हटलं. कारखान्याला लागूनच घर. त्यांच्या बायकोनं, काकूंनी, आल्याआल्या पाणी दिलं. शेठ मला भिंतीला ठोकलेल्या लोखंडी शिडीपर्यंत घेऊन गेले आणि तिथंच थांबले. "मला वर येनं हुनार न्हाई," ते म्हणाले. "अंधारी येती."

मनात म्हटलं, मलाही येते.

शेड दोन मजली घराएवढं उंच. अर्ध्या शिडीवर गेले आणि खाली बघितलं. संपलं! हातांची पकड सुटेना. खाली शेठ मान खाली घालून उभे होते. मी शिडीला छाती टेकून डोळे मिटले आणि नोकरी सोडायचं ठरवूनच टाकलं.

तेवढ्यात वरून आवाज आला. बाईचा. तरुण, थोडासा चिडवणारा.

"नाना, खाली न्हाई बघायचं. फुडच्या दांडीकडं बघा."

मला वाटलं, वर कुणीतरी काम करतंय आणि दुसऱ्याला सांगतंय. पण सांगणं इतकं सरळ होतं की माझा हात आपोआप पुढच्या दांडीवर गेला. मग त्याच्या पुढच्या. आवाज माझ्या थोडा पुढेच राहत होता. "हां... आता गुडघा टेकवा. बास. आलात की!"

मी वर पोचले. छपरावर कुणीच नव्हतं. पलीकडे कुणी असेल, उताराआड असेल, असं वाटलं. समोर सगळ्या छपरावर भुश्शाची धूळ बसलेली, सगळे पत्रे एकाच रंगाचे. मी उजवीकडून फाटलेल्या भागाकडे जाणार, तर आवाज अगदी कानाजवळ —

"तिकडनं नको, नाना. त्यो उजेडाचा पत्रा हाय, वजन धरत न्हाई. बोल्टांच्या रेघंवरनं या."

मी पाय मागे घेतला. बुटानं धूळ सरकवली, तर खाली खरंच फायबरचा पत्रा. मधोमध तडकलेला. त्यातून खालच्या मशिनी दिसत होत्या.

मग मी बोल्टांच्या रेषेवरूनच चालले, तिथं पत्र्याखाली लोखंडी आधार असतो. फोटो काढले, मापं घेतली. गंमत म्हणजे भीती गेली होती, पूर्ण. उताराच्या पलीकडेही डोकावले. तिथं फक्त सुटलेला पत्रा वाऱ्यानं आपटत होता.

खाली आले. काकूंनी ओट्यावर चहा दिला. मी खुशीत होते. सहज विचारलं, "वर बाई कोण होत्या? 'नाना, नाना' करत कुणाला तरी सांगत होत्या. त्यांच्यामुळेच वाचले मी."

शेठच्या हातातली बशी कलंडली. चहा धोतरावर सांडला, त्यांनी पुसलाही नाही.

काकूच बोलल्या. "यांना नाना म्हननारी एकच हुती. आमची वैशू. दिवाळीच्या आधी तापानं गेली."

एकुलती एक लेक. कारखाना तीच बघायची. पन्हळ साफ करायला, पत्रे बदलायला तीच वर चढायची, आणि वरून बापाला चिडवायची — नाना, एकदा तरी वर या, इथनं प्रवरा दिसती. ते कधी चढले नाहीत.

"काय काय म्हनली?" शेठनी विचारलं. मी आठवून शब्द न् शब्द सांगितला. उजेडाच्या पत्र्याचं सांगितलं तसे ते उठले.

"म्हंजी मलाच बोलवीत हुती. आन् मी खाली हुभा ऱ्हायलो."

ते तडक शिडीकडे गेले. काकू मागे धावल्या, "अहो, पडाल! मला आता कोन हाय दुसरं?" पण ते थांबेनात. शेवटी मी त्यांच्या मागोमाग चढले. अर्ध्यावर तेही माझ्यासारखेच शिडीला चिकटून थांबले. मला दुसरं काही सुचलंच नाही. मी खालून म्हटलं, "नाना, खाली न्हाई बघायचं. पुढच्या दांडीकडं बघा."

ते वर पोचले. कडेलाच बसले, बोल्टांच्या रेषेवर हात टेकून. लांब प्रवरेच्या पाण्याची रेघ दिसत होती.

"वैशू... आलो गं," ते म्हणाले.

आम्ही वाट बघितली. वारा होता, पत्रा आपटत होता. खाली काकू पदर तोंडाला लावून वर बघत होत्या. तिचा आवाज आला नाही. मला नाही, त्यांनाही नाही.

मग ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "तुमालाच का ऐकू आलं?"

मी त्यांच्या शेजारी टेकले.

"बरं, परत एकदा म्हना. तिनं म्हनलं तसंच."

मी म्हटलं. ते डोळे मिटून ऐकत राहिले. मग पुन्हा एकदा म्हणायला लावलं. तिसऱ्यांदा म्हणता म्हणता आम्ही दोघं त्या तापलेल्या छपरावर बसून रडलो.

मी खूप विचार केलाय. घाबरल्यावर मेंदू स्वतःशीच बोलतो, असं एका डॉक्टर मैत्रिणीनं सांगितलं. पण माझा मेंदू मला नाना कशाला म्हणेल? आणि धुळीखालचा तो पत्रा त्याला कसा माहीत? आता मी कुठल्याही छपरावर बिनधास्त चढते. असा आवाज पुन्हा कधी आला नाही.

परवा काकूंचा फोन आला होता. नवे पत्रे बसले म्हणाल्या. शेठ रोज उन्हं उतरली की वर जाऊन बसतात.

"काही ऐकू येतं का त्यांना?" मी विचारलं.

"न्हाई गं पोरी," काकू म्हणाल्या. "पर तिला ऐकू जात आसंल म्हनून तेच बोलत बसत्यात."