गीझरची कापलेली नळी

नव्या घरात पाहुणा आला की लोक आधी देवघर दाखवतात. मी बाथरूम दाखवायचो. दार ढकलून, दोन्ही हात पसरून "या!" म्हणायचो, पडदा वर गेल्यासारखं. छतापर्यंत पांढऱ्या टाइल्स, वर पांढराशुभ्र गीझर, आणि एकही पाइप दिसत नाही.

खरं तर एक दिसायला हवा होता. गीझरच्या सेफ्टी वॉल्वची नळी. आत दाब वाढला की उकळतं पाणी तिच्यातून बाहेर पडतं. प्लंबरनं ती भिंतीवरून खाली मोरीच्या जाळीपर्यंत आणली होती. त्या टाइल्सवर मला ती सलाइनच्या नळीसारखी दिसली. "काढ," म्हटलं.

"भाऊ, वीतभर ठेवतो, बाकी काटून टाकतो. कोणाला समजणार पण नाही."

बाबांना समजलं. पेपर मिलच्या बॉयलरवर त्यांनी सगळी नोकरी काढली. अंगावर भाजल्याचा एक डाग नाही, याचा त्यांना भारी तोरा. मी पाहुण्यांना बाथरूम दाखवत असताना मान वर करून त्यांनी पाहिलं.

"हिचं तोंड कुठं काढलंय रे?"

"खाली आहे ना, बाबा."

"आणि खाली कोण बसतं?"

आम्ही बाकीचे शॉवरखाली उभे राहणारे. बाबा मात्र गीझरखालच्या नळापाशी पाट टाकून, बादलीतून तांब्यानं अंघोळ करणारे. मी पाहुण्यांकडे वळलो. "घ्या, बॉयलर इन्स्पेक्टर आले! साहेब, गाडी कधी सुटणार, खंडव्याची?" पाठोपाठ इंजिनाची शिट्टीही मारली. इच्छापूरची आत्या दाराला धरून हसली. बाबाही थोडे हसले. इतका रंगलेला विनोद मी पुन्हा केलेला नाही.

ते त्यानंतरही दोनदा बोलले. एकदा तर नळी कुठपर्यंत हवी ते दाखवायला टाइल्सवर खडूनं बाण काढला, जाळीच्या जरा वर. तो मी पुसला नाही. पाहुण्यांना दाखवायला ठेवला.

थंडीत थर्मोस्टॅट बिघडला. पाणी तापतच राहिलं. वॉल्व उघडला, त्यानं उघडायलाच हवं होतं, आणि सगळं उकळतं पाणी पाटावर बसलेल्या पाठीवर आलं. बाबा ओरडले नाहीत. तांब्या पडल्याचा आवाज तेवढा आला.

दवाखान्यात पालथे पडून ते म्हणाले, "वॉल्वनं काम बरोबर केलं. नाहीतर टाकी फुटली असती." एवढंच. त्यांनी मला शिवी द्यायला हवी होती. तिचीही मी नक्कल करीन, हे ओळखून दिली नसेल.

आता नळी बाणापर्यंत खाली आली आहे. "बाबा, एकदा बघून तर घ्या," म्हटलं. "असेल बरोबर," म्हणाले. बघायला आले नाहीत. गॅसवर पाणी तापवून मागच्या ओट्यावर अंघोळ करतात. खांद्यापासून कमरेपर्यंत कातडी चकाकते.

परवा निंबोल्याचे व्याही सकाळीच आले. सवयीनं मी बाथरूमचं दार उघडलं, हातही पसरले गेले. बाबांचं त्यांनी ऐकलेलं होतं. नळी नीट बघून त्यांनी विचारलं, "पहिली कोणी कापली होती?"

"प्लंबरनं," मी म्हणालो.

मागच्या ओट्यावर तांब्याचा आवाज थांबला. मग पुन्हा पाणी पडायला लागलं.