लाइट येईपर्यंत

२० मे १९८६. सासूबाईंच्या पायाची पट्टी बदलायची होती, म्हणून त्यांना घेऊन दवाखान्यात गेले. लाइट गेलेली होती. बाहेरच्या खोलीत माशांची काचेची पेटी होती. तिचा हवेचा पंप बंद पडला होता आणि मासे पाण्यावर येऊन तोंडं उघडमीट करत होते.

पेटीजवळ वारासिवनीकडचा एक म्हातारा उभा होता. धोतर, खांद्यावर गमछा. माठावरच्या पेल्यानं तो पेटीतलंच पाणी उचलायचा आणि हात उंच करून बारीक धारेनं परत सोडायचा.

कंपाउंडर म्हणाला, “बाबाजी, डॉक्टरसाहेबाच्या मछल्या हायेत त्या, कालवणाच्या नाहीत.”

“हौ बाप्पा. हवा देऊन राह्यलो त्याईले. तळं आटलं का असेच वर येतेत.”

त्याची बायको आत होती, तिला दम लागला होता. एवढं सासूबाईंनी विचारून घेतलंच. मी म्हटलं, “बसा आता, हात दुखेल.”

“आत मले काई करता येत नाही, बाई,” तो पाण्यावरची नजर न काढता म्हणाला. “इथं करता येते.”

आम्ही पट्टी करून निघालो तरी त्याचा हात चालूच होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा गेलो, तेव्हा तो नव्हता. “रात्रीच गेली त्याची बायको. गावाले घेऊन गेले,” कंपाउंडर म्हणाला.

मासे सगळे जिवंत होते. तेवढ्यात लाइट गेली. मी सासूबाईंना बाकावर बसवलं, माठावरचा पेला उचलला आणि पेटीपाशी जाऊन उभी राहिले.